ओटीतला कागद

उद्यमबागेतल्या त्या कारखान्यानं कुठल्या बाईला कामावरून काढून टाकलं, असं आजवर कुणाला म्हणता आलं नसतं. बायका तिथून जायच्या त्या पदरात नारळ घेऊन, नवी साडी काखेत धरून, डोळे पुसत आणि मालकाला दुवा देत. इतक्या मानानं नोकरी जाण्याची सोय दुसऱ्या कुठल्या कारखान्यात असेल असं मला तरी वाटत नाही.

त्याचं झालं होतं असं. कारखान्यात पंपांचे पितळी व्हॉल्व्ह तयार व्हायचे. मशीनवर गडी, आणि तयार माल तपासायला लांबलचक टेबलावर बायका. या बायका सगळ्या मुदतीच्या करारावर. एका वर्षाचा करार, वर्ष सरलं की नवा. त्यातली पहिली बाई गरोदर राहिली तेव्हा तिचं माहेर खानापूरच्या जंगलाकडंचं, आणि पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं. सातव्या महिन्यात ती निघाली. सुपरवायझर मारुतीराव तसा हळवा माणूस. आपल्या हाताखाली राबलेल्या पोरीला रिकाम्या हातानं कसं पाठवायचं, म्हणून ते स्वतः वडगावात ओळखीच्या विणकराच्या दारात गेले आणि साडी घेऊन आले. बायकांनी जेवणाच्या सुट्टीत कॅन्टीनमध्ये तिची ओटी भरली. आणि जाता जाता तिनं काम सोडल्याच्या कागदावर सही केली.

एकीला केलं म्हणून दुसरीला केलं, दुसरीला केलं म्हणून तिसरीला. होता होता 'तिची ओटी भरली' म्हणजे 'तिनं काम सोडलं' असंच सगळे धरून चालायला लागले. ओटी आणि राजीनामा यांची गाठ कुणी मारली, ते कुणालाच सांगता आलं नसतं. मारुतीरावांना तर आपण एक चांगला रिवाज पाडला याचा अभिमानच होता, आणि खोटं कशाला बोला, बायकांनाही होता.

सगळ्यात जास्त होता तो सौम्याला. ही हिंडलग्याची सून. लग्नाआधीच आई गेली, वडिलांनी दुसरं घर केलं, तेव्हा माहेर म्हणून जायला तिला दारच उरलं नव्हतं. ज्या ज्या वेळी कॅन्टीनमध्ये पाट मांडला जायचा त्या त्या वेळी ती पुढं होऊन हळदकुंकू लावायची, आणि मनातल्या मनात त्या पाटावर आपण बसलोय असं बघायची. म्हणून आपल्याला दिवस गेलेत हे तिनं नवरा आणि सासूनंतर पहिल्यांदा सांगितलं ते मालुबाईला. मालुबाई टेबलावरची सर्वांत जुनी बाई, सगळ्यांची आक्का, आणि ओटी भरायचा पहिला मान तिचा.

"आगं बया!" मालुबाईनं हातातला व्हॉल्व्ह खाली ठेवला. "आनि मला आत्ता सांगतीस व्हय? सातव्यात एक चांगला शुक्रवार बगून भरूया ओटी. तुझं माहेर हितंच हाय, काय समजलीस?"

दुपारभर सौम्या नुसती हसत होती, आणि दोन चांगले व्हॉल्व्ह तिनं खराब मालाच्या पेटीत टाकले.

मारुतीरावांना कळलं तसे ते टेबलाशी येऊन उभे राहिले. "कंच्या रंगाची साडी आनू ते सांग. वडगावात आधीच सांगून ठेवाय लागतंय."

"हिरवी आना, अण्णा."

"हिरवीच आनतो. त्या दिवशी तेवढी कागदावर सही करून टाकू, म्हंजे तुझा हिशेब अडकायला नगं."

"व्हय अण्णा," सौम्या म्हणाली. तिच्या डोक्यात साडीचा हिरवा रंग होता, कागदाचा पांढरा तिला दिसलाच नाही.

तो कागद तयार करायचं काम ऑफिसातल्या ब्राह्मीकडं आलं. ही पोरगी नवीन. निपाणीजवळच्या शेतकरी जैन घरातली, मराठीतून सुरू केलेलं वाक्य कधी कधी कन्नडमध्ये संपवणारी, इकडच्या बायकांसारखी स्वतःला 'येतो-जातो' म्हणणारी, आणि अंगानं इतकी बारीक की गेटवरचा वॉचमन पहिल्या दिवशी तिला कुणाची तरी शाळकरी मुलगी समजला होता. कामगारांच्या हजेऱ्या, रजा, ईएसआयचा सरकारी विमा असलं सगळं तिच्याकडं. तिचा स्वतःचा करारही वर्षाचाच होता.

कागद छापण्याआधी ती खाली टेबलाशी आली. "सौम्याक्का, एक विचारू? तुमाला काम सोडायचं हाय काय?"

सौम्याला प्रश्नच कळला नाही. "सोडायचं म्हंजे? ओटी भरनार हाईत न्हवं माझी."

"ओटी भरू देत की. मी कामाचं विचारतोय. बाळंतपण झाल्यावर परत यायचं न्हाई काय?"

आता हे सौम्याला आजवर कुणी विचारलं नव्हतं. लग्न ठरवताना विचारलं नव्हतं, कामाला लावताना विचारलं नव्हतं. आपल्याला काय पाहिजे हे पाहायला तिला जरा वेळच लागला. परत यायचं होतं तिला. या टेबलावर तिच्या बोटांना मान होता. पितळेला राहिलेली केसाएवढी कडसुद्धा तिला नुसत्या स्पर्शानं कळायची. नवरा नागेंद्र मालवाहू टेम्पो चालवायचा, त्याला भाडं मिळालं तर मिळालं. पण खरं सांगायचं तर ते सगळं नंतर. सकाळी डबा घेऊन गेटातून आत येताना आपण कुणीतरी आहोत असं जे वाटायचं, ते तिला सोडायचं नव्हतं. आणि ओटी भरून गेलेल्यांपैकी कुणी परत चौकशीला आली तर जागा भरलेली असायची, हे तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं.

"यायचं हाय," ती हळूच म्हणाली. म्हणाली आणि तिलाच कसंसं झालं, जणू काही चोरून मागितलं.

"मग सही करू नका. रजेचा अर्ज द्या." ब्राह्मी शेजारच्या स्टुलावर बसली. "करार मुदतीचा असला म्हणून तुमी कमी कामगार होत न्हाई, आक्का. मुदत हाय तोवर कायम कामगाराला जे लागू, ते तुमाला लागू. बाळंतपणाची रजा धरून. तुमचा करार जूनअखेर संपतोय, तो तवा संपेल, ते काय माझ्या हातात न्हाई. पण बाळ होणार म्हणून तो आज संपत न्हाई."

"आनि पगार?"

"महिन्याला ईएसआयचे कापत्यात न्हवं? त्यातनं मिळतंय रजेचं. तापाच्या गोळ्या घ्यायलाच हाय काय ते फक्त?"

सौम्या घाबरून इकडंतिकडं बघायला लागली. "मॅडम, तुमी नव्या हाईसा. मारुतीअण्णा पदरमोड करून वडगावास्न साडी आनत्यात. तेंच्या तोंडावर रजा मागू? लाज न्हाई वाटायची मला?"

"साडी घ्या. ती त्यांची माया हाय. रजा तुमची हाय," ब्राह्मी म्हणाली आणि उठून गेली.

गेली खरी, पण सौम्याच्या डोक्यात भुंगा सोडून गेली. रात्री जेवताना तिनं नागेंद्रला सांगितलं. त्यानं विचारलं, "रजा मागितल्यावर नोकरीच गेली म्हंजे?"

"सही केली तर जानारच हाय की."

ताटावरून उठताना तो एवढंच म्हणाला, "बग मग. तू म्हनशील तसं."

दुसऱ्या दिवशी तिनं मालुबाईच्या कानावर घातलं, तर मालुबाईचा पारा चढला. "कोन, ती निपाणीची पोरगी? सात म्हैन्याच्या बाईची ओटी भरू नगा म्हनतीया? असलं कुटं आईकलंय काय!"

"ओटी भरा म्हनतीया, आक्का. सही तेवढी करू नगं म्हनतीया."

मालुबाईनं पुढं शब्द काढला नाही. त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. एरवी चेष्टामस्करीनं टेबल डोक्यावर घेणारी बाई आठवडाभर खाली मान घालून माल तपासत राहिली, आणि सौम्याला वाटलं, झालं, आक्काला आपण दुखावलं. आईविना पोरीला रागावलेल्या आक्काइतकी दुसरी भीती नसते. नोकरी राहते की जाते यापेक्षा ती त्याच विचारानं जास्त खंगली.

तो शुक्रवार उजाडला. जेवणाची घंटा झाली तशी कॅन्टीनमधली बाकं बाजूला सरकली, आरोही म्हणून एक नवीन लग्न झालेली पोरगी होती तिनं पाटाभोवती रांगोळी काढली, कुणी घरून पुरणपोळ्या आणल्या होत्या, कुणी आंबट पाहिजे म्हणून चिंचेची चटणी. सौम्या कामाचा कोट उतरवून जरीकाठाची साडी नेसून आली. तिला पाटावर बसवून, कुंकू लावून बायकांनी ओवाळलं. ब्राह्मी लग्न न झालेली, त्यामुळं ओटी भरणाऱ्यांत नव्हती. ती दाराशी उभी राहून बघत होती. चेहरा मात्र परीक्षेचा निकाल लागायच्या वेळेसारखा.

तेवढ्यात मारुतीराव आले. हातात पितळी ताट, ताटात हिरवी साडी, साडीवर कागद, आणि कागद उडू नये म्हणून त्याच्यावर नारळ. खिशाला पेन. साडी खरोखरच देखणी होती. कोवळ्या भाताचा रंग, काठाला बारीक लाल रेघ. माणसानं चार साड्या बघून पाचवी निवडली असणार, हे तिच्याकडं बघूनच कळत होतं.

"आधी सही करून घिऊया," मारुतीराव प्रेमानं म्हणाले आणि त्यांनी पेन पुढं केलं. "मग बायका हाईत आनि तू हाईस."

सौम्यानं पेनाकडं बघितलं, साडीकडं बघितलं, आणि तिला रडू फुटायची वेळ आली. या माणसानं तिच्यासाठी एवढं केलं होतं. आजवर तिच्यासाठी साडी निवडायला कोण गेलं होतं? नाही म्हणावं तर जीभ उचलेना, आणि हो म्हणावं तर पोटातलं लेकरू हललं. तिनं डोळे मिटले.

"अण्णा," ती म्हणाली, "मला परत यायचं हाय."

मारुतीरावांना काही उमगेचना. "ये की गं. कोन नगं म्हनतंय? जागा असली की..."

"जागा माझीच हाय न्हवं, अण्णा? मी ती सोडत न्हाई. रजा द्या."

मारुतीरावांचा चेहरा पडला. रागावण्यासारखं काही नव्हतं, पण भर मांडवात कुणी आहेर परत केल्यासारखं त्यांना झालं. पेन तसंच पुढं राहिलं.

आणि मालुबाई उठली. तिनं मारुतीरावांच्या हातातलं ताट घेतलं, कपाळाला लावलं, आणि सौम्यासमोर बसून म्हणाली, "पदर धर." सौम्यानं पदर पसरला. मालुबाईनं ओंजळ भरभरून तांदूळ घातले, खण घातला, हळकुंड, सुपारी, खारीक घातली. आणि शेवटी ते अख्खं ताटच ओटीत उपडं केलं. साडी गेली, नारळ गेला आणि त्यांच्याबरोबर तो कागदही गेला.

"अगं आक्का, कागद!" मारुतीराव ओरडले. "सही ऱ्हायलीया!"

"व्हय काय?" मालुबाईनं निवांत सौम्याच्या ओटीतले चार दाणे उचलले आणि रिवाजाप्रमाणे ताटात परत टाकले. "ओटीतनं माघारी घ्यायचे ते चार दानेच, अण्णा. बाकीचं घरला जाऊन देवाम्होरं ठेवायचं असतंय. मधी कुनी हात घालायचा न्हाई. तुमाला ठावं न्हाई व्हय? रिवाज तुमीच पाडलासा की."

कुणीतरी फिस्सकन हसलं आणि मग सगळ्याच हसायला लागल्या. मारुतीरावांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं. माणूस देवाधर्माचा. गरोदर बाईच्या ओटीत हात घालून कागद ओढून काढणं त्यांच्याच्यानं सात जन्मांत झालं नसतं, आणि मालुबाईला ते पक्कं माहीत होतं.

ती मात्र हसत नव्हती. सौम्याच्या गालावरून हात फिरवून ती म्हणाली, "इतक्या पोरींच्या ओट्या भरल्या ह्या हातानं. माघारी कामाला एक बी आली न्हाई. मला आपलं वाटायचं, घर गोड लागलं असंल पोरींस्नी. ही निपाणीची बोलली आनि आठ दिस मला अन्न गोड लागंना." मग तिनं दाराकडं बघून हाक मारली, "ये गं पोरी, लांब कशाला हुबी ऱ्हायलीस? पोळी खा."

ती पोळी ब्राह्मीनं बायकांच्या मधोमध बसून खाल्ली, असं बायका अजून सांगतात.

कागदाचं पुढं काय झालं म्हणाल, तर सौम्याच्या सासूनं देवापुढून तो उचलला आणि त्यात ओटीतली हळकुंडं बांधून ठेवली. सोमवारी सौम्या रजेचा अर्ज घेऊन ऑफिसात गेली. मॅनेजरसाहेबांनी तो वाचला, कपाळाला आठ्या घातल्या आणि कायद्याचं बघणाऱ्या आपल्या सल्लागाराला फोन लावला. पलीकडचा माणूस बराच वेळ बोलत होता. साहेब नुसते 'हं, हं' करत होते आणि ब्राह्मी टेबलाखाली स्वतःची बोटं मोडत होती.

"द्यावीच लागते म्हणतो," फोन ठेवून साहेब म्हणाले. "आणि बाळंतपणाच्या कारणानं काढता तर येतच नाही. करारावर असली तरी." मग त्यांना खरोखरच आश्चर्य वाटलं असावं. "हे ईएसआयमधून मिळतं, तर मग आजपर्यंत कुणी मागितलं कसं नाही?"

याला उत्तर देण्यासारखं पुष्कळ होतं. पण त्या वेळी सौम्याला फक्त गोड वाटत होतं, म्हणून ती हात जोडून बाहेर आली. मारुतीराव जिन्यापाशीच घुटमळत होते. "मिळाली?" त्यांनी विचारलं. मिळाली म्हणताच त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "मला हे ठावं न्हवतं बग, सौम्या. देवाशपथ न्हवतं." सौम्यानं वाकून त्यांच्या पायाला हात लावला. तिला त्यांचा एवढासुद्धा राग आला नव्हता.

मुलगी झाली. बारशाला अख्खं टेबल हिंडलग्याला आलं, मारुतीराव चांदीचे वाळे घेऊन आले. आरोहीला दिवस गेलेत ही बातमी त्यांनीच सांगितली. "ओटी भरनार हाय. साडी बी सांगून ठेवलीया," ते म्हणाले. "आता ताटात तेवढी साडीच." ब्राह्मीला कारखान्यानं आणखी एका वर्षाचा करार दिला होता. सौम्या तिला बाजूला घेऊन गेली. काय काय बोलायचं ठरवून ठेवलं होतं, पण "मॅडम, तुमचे उपकार..." यापलीकडं गाडी जाईना.

"उपकार कसले, आक्का?" ब्राह्मीनं बाळाला खांद्यावर घेतलं होतं. "उलट मीच तुमाला थँक्स म्हणायचं. तुमी त्या दिवशी सही केली असती, तर परत कुणाला विचारायचा धीर मला झाला नसता. मीबी घाबरलो होतोच की."

रजा संपली. जून लागला होता, करार संपायला आता थोडेच दिवस, आणि नवा मिळेल की नाही हे कुणी छातीठोकपणे सांगत नव्हतं. तरी सौम्या पहाटेच उठली. बाळाला पाजून सासूच्या मांडीवर दिलं, केस विंचरले, डबा भरला. नागेंद्रनं तिला टेम्पोतून गेटापर्यंत सोडलं.

गेटाच्या आत भिंतीवर हजेरीचं मशीन होतं. अंगठा ठेवला की आतली बाई इंग्रजीत 'थँक यू' म्हणायची. रोज सकाळी शंभरजणांना तेच, ऐकून ऐकून कुणाचं तिकडं लक्षसुद्धा जायचं नाही. काम सोडलेल्याचं नाव मशीनमधून काढून टाकायचे. चौकशीला परत आलेल्या एकीनं सवयीनं त्यावर अंगठा ठेवला होता, तर तिला मशीन 'प्लीज ट्राय अगेन, प्लीज ट्राय अगेन' म्हणत राहिलं होतं, आणि शेवटी वॉचमननं तिला बाहेर बसायला सांगितलं होतं. ते सौम्यानं पाहिलं होतं.

तिनं अंगठा ठेवला.

'प्लीज ट्राय अगेन.'

मागं रांग होती. अर्ज, फोन, साहेब, सगळं खरं. पण मशीनला कुणी सांगितलंच नसेल तर?

"अंगठा पूस, आक्का," वॉचमन म्हणाला. "वल्ला असंल."

खरंच ओला होता. बाळाची दुपटी पिळून आल्याला अजून तासही झाला नव्हता. तिनं तो साडीच्या काठाला कोरडा केला, देवाचं नाव घेतलं आणि परत टेकवला.

'थँक यू.'

सौम्या तिथंच उभी राहिली. मालुआक्काचे, ब्राह्मीचे, मारुतीअण्णांचे, सासूचे, नवऱ्याचे, किती जणांचे आभार मनात साठवून ती घरातून निघाली होती. कारखान्याचे मानायचे होते ते वेगळेच. आणि इथं दारातच कारखाना तिचे आभार मानून मोकळा झाला होता. इतकी वर्षं रोज मानत होता आणि तिनं एकदाही ऐकलं नव्हतं.

"सरक की गं म्होरं," मागून मालुबाई ओरडली. "आमचा अंगठा ऱ्हायलाय अजून."

"सरकतो, आक्का," सौम्या म्हणाली, आणि डोळे पुसत आपल्या टेबलाकडं गेली.